झोप लागत नसेल तर आधी सांग

अरे, आपल्या वैमानिकांच्या मेडिकलच्या, म्हणजे तंदुरुस्तीच्या तपासणीच्या, भीतीने काहीही लपवू नकोस. २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्जचं विमान सहवैमानिकाने आल्प्समध्ये मुद्दाम पाडलं, १५० जीव गेले. डॉक्टरांनी दिलेली आजारपणाची चिठ्ठी त्याच्या घरी फाडलेली सापडली. ती चिठ्ठी माझ्या डोक्यातून जातच नाही.

लायसन्स जाईल ही धास्ती मलाही होती. वडील गेले तेव्हा तीन आठवडे रात्रभर छताकडे बघत पडायचो आणि पहाटे चारला युनिफॉर्म चढवायचो. एकदा चेकलिस्टची एकच ओळ तीनदा वाचली, तेव्हा कुठे फोन करून ड्युटी सोडली. तू इतका थांबू नकोस. युरोपात विमान कंपन्यांना पीअर सपोर्ट, म्हणजे अडचणीत सहकाऱ्याशी मोकळं बोलायची सोय, ठेवावाच लागतो. तुझ्या कंपनीत असेल तर तो नंबर आजच घेऊन ठेव. आणि झोपेची गोळी मेडिकलच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.