हिंगोलीच्या हळद गोदामात १० मीटर वायरवरील एलएम३५ या तापमान सेन्सरचे वाचन उड्या मारते. ॲम्प्लिफायर लावावा का?

ॲम्प्लिफायरची गरज नाही. अर्दुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डचा संदर्भ व्होल्टेज (मोजता येणारा कमाल व्होल्टेज) ५ ऐवजी आतील १.१ व्होल्ट करावा आणि सेन्सरजवळच आउटपुट व ग्राउंड यांच्यामध्ये ७५ ओहमचा रेझिस्टर व १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापुढे एक जोडावा. एलएम३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, तर ५ व्होल्टवर बोर्डवरील १० बिट एडीसीची (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाची) एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अंशाची पडते, १.१ व्होल्टवर ती ०.१ अंशाच्या आसपास येते आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यालाही ११० अंशांपर्यंतची ही मर्यादा पुरून उरते. लांब वायरची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) या सेन्सरला सोसत नाही, म्हणून रेझिस्टर-कपॅसिटरची ही जोडी त्याच्या डेटाशीटमध्येच (उत्पादकाच्या माहितीपत्रकातच) सुचवलेली आहे. मात्र आतील संदर्भ चिपगणिक १.० ते १.२ व्होल्ट असू शकतो, त्यामुळे तो बोर्डच्या एआरईएफ (संदर्भ व्होल्टेजच्या) पिनवर मल्टिमीटरने मोजून तोच आकडा प्रोग्राममध्ये घालावा.