धाकट्याचा कान आणि थोरलीची बारावी

प्रश्न: माझी मुलगी नुकतीच अकरावी सायन्स पास झाली. दहावीला ९१ टक्के होते, अकरावीत मात्र बायोलॉजीत जेमतेम ५८ पडले. तिच्यानंतर चौदा वर्षांनी झालेला मुलगा आता दोन वर्षं आठ महिन्यांचा आहे. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. कानाचं मशीन लावून पाहिलं, उपयोग झाला नाही. डॉक्टर वर्षभर कॉक्लियर इम्प्लांट करा म्हणतायत, पण लेकराच्या डोक्यात मशीन बसवायला मन धजत नाही. कानातल्या पेशी पुन्हा उगवण्याचं संशोधन चालू आहे असं वाचलं. परदेशात जन्मतः बहिरी मुलं ऐकायला लागल्याची बातमीही आली होती. ऑपरेशनमुळे आतला कान खराब झाला तर पुढचा इलाजच बंद होईल. एका ठिकाणी तीन लाखांत स्टेम सेलची इंजेक्शनं देतो म्हणाले. मुलीनं याच विषयात संशोधन करून भावाला बरं करावं असं मी ठरवलं आहे. ती मात्र अभ्यास सोडून नकाशे काढत बसते. बायोटेक्नॉलॉजी घ्यावं की नीट देऊन डॉक्टर व्हावं? तिला चार शब्द सांगा. – एक पालक

उत्तर: नमस्कार. तुम्ही विचारलंत मुलीच्या करिअरबद्दल, पण पत्र वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही ते मुलाचं वय. दोन वर्षं आठ महिने. त्यामुळे आधी त्याच्याबद्दल बोलते. मी डॉक्टर नाही आणि ऑपरेशनचा निर्णय तुम्ही सर्जनशी बोलूनच घ्यायचा आहे. पण तुमच्या पत्रातला प्रत्येक बेत ‘पेशी उगवतील’ या एका आशेला टांगलेला आहे, आणि त्या आशेचा हिशेब कुणीतरी तुमच्यापुढे मांडायलाच हवा.

आतल्या कानात हरभऱ्याच्या दाण्याएवढा एक शंख असतो. त्यात साधारण पंधरा हजार केसपेशी असतात, आतल्या बाजूला एक ओळ आणि बाहेरच्या बाजूला तीन. आवाजाची थरथर टिपून ती नसेपर्यंत पोचवायची, हे त्यांचं काम. माणसात त्या एकदा गेल्या की परत येत नाहीत. पक्ष्यांत येतात. १९८८ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हे कोंबडीच्या पिल्लांत आणि लावा पक्ष्यांत दाखवून दिलं: केसपेशी मेल्या की शेजारच्या आधारपेशी त्यांची जागा घेतात. तुमची आशा जिथून सुरू झाली ती जागा ही, आणि ती खोटी नाही. ॲटोह१ नावाचं जनुक चालू केलं तर आधारपेशीची केसपेशी होऊ शकते, हेही पुढे प्राण्यांत दिसलं. पण सस्तन प्राण्यांत ही क्षमता जन्मानंतर लवकरच मिटते. ती औषधानं जागी करण्याचे माणसांवरचे प्रयत्न झाले. फ्रीक्वेन्सी थेराप्युटिक्स या अमेरिकी कंपनीचं कानात टोचायचं औषध सगळ्यात जास्त गाजलं. २०२१ मध्ये त्याची एक चाचणी फसली. २०२३ मध्ये दुसऱ्या चाचणीतही खरं औषध आणि नुसतं पाणी यांत फरक दिसला नाही, आणि कंपनीनं ते काम थांबवलं. त्या चाचण्याही मोठेपणी ऐकू येणं कमी झालेल्या माणसांवर होत्या, जन्मतः न ऐकणाऱ्या बाळांवर नव्हत्या. नवी पेशी उगवून भागत नाही; ती योग्य ओळीत उगवावी लागते, तिच्यावरचे तंतू नीट रचले जावे लागतात, तिची नसेशी गाठ पडावी लागते. १९८८ पासून साडेतीन दशकं उलटून गेली. इतकी हुशार माणसं राबत असतानाही, माणसाच्या कानात केसपेशी उगवून ऐकू आणणारं औषध आज कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही.

मग ती बातमी? ती खरी आहे, आणि तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच झाला आहे. जानेवारी २०२४ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या डॉक्टरांनी सहा मुलांवरच्या जनुकोपचाराचा अहवाल प्रसिद्ध केला. सहापैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागलं. त्याच महिन्यात, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या रुग्णालयात असाच उपचार झालेल्या अकरा वर्षांच्या मुलाची बातमी आली. पण या मुलांच्या कानात एकही पेशी नव्यानं उगवलेली नाही. त्यांच्या केसपेशी जिवंतच होत्या. आवाज टिपला जात होता, पण नसेला निरोप द्यायला लागणारं ओटोफर्लिन हे प्रथिन त्यांच्यात बनत नव्हतं. बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत आत सोडली आणि अडलेला निरोप पुढे गेला. जन्मतः न ऐकणाऱ्या मुलांत हा प्रकार थोड्यांतच असतो. तुमच्या मुलाचा प्रकार तोच आहे का, हे जनुकीय तपासणीनं कळतं. बेरा म्हणजे आवाजाचा निरोप नसेतून मेंदूकडे जातो का हे पाहणारी चाचणी, आणि ओएई म्हणजे शंखातल्या केसपेशी काम करतात का हे पाहणारी. बेरासोबत ओएई झाली होती का आणि तिचा निकाल काय आला, हेही डॉक्टरांना विचारा. या प्रकारात बेरात काही दिसत नाही, पण लहानपणी ओएई बऱ्याचदा चांगली येते. आणि एक ऐका. त्या अकरा वर्षांच्या मुलाला आवाज ऐकू येऊ लागला, पण तो कधी बोलायला शिकेलच असं नाही, हे त्याच्या बातमीतच सांगितलेलं होतं. कान उघडला, पण भाषा शिकण्याचं वय मागे पडलं होतं.

मला झोप लागू देत नाही ती हीच गोष्ट. तुम्ही कान जपून ठेवताय, पण मेंदू थांबून राहत नाही. आवाजच पोचला नाही तर मेंदूतली ऐकण्याची जागा दुसऱ्या कामाला लागते. मेंदू आणि ऐकणं यांवर संशोधन करणाऱ्या अनु शर्मा आणि सहकाऱ्यांचा २००२ चा अभ्यास याच विषयावरचा आहे. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांच्या मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद ऐकणाऱ्या मुलांसारखा होत गेला. सात वर्षांनंतर झालेल्यांचा बहुतेक झाला नाही. मूल मुलासारखं नसतं, मान्य. तरी तुमच्या घरातला हिशेब करा: साडेतीन वर्षांना दहा महिने उरलेत. तुम्ही मुलीला जो रस्ता आखून दिलाय त्यावर बारावी, मग आयसरसारख्या विज्ञान शिकवणाऱ्या केंद्रीय संस्थेत पाच वर्षं, मग पीएच.डी.ची पाच-सहा, त्यापुढे आणखी काही. तिच्या हातात पीएच.डी. येईल तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा असेल. त्या दिवशी ती संशोधक झालेली असेल, औषध तयार झालेलं नसेल.

कॉक्लियर इम्प्लांटला तुम्ही ‘डोक्यात मशीन’ म्हणता. त्याचा आतला भाग कानामागच्या त्वचेखाली बसतो, तारेचं टोक शंखात जातं आणि मेलेल्या केसपेशींना वळसा घालून थेट नसेला विजेचे संकेत देतं. उरलंसुरलं ऐकू येणं त्यात जाऊ शकतं, ही तुमची भीती निराधार नाही. पण ताकदीचं मशीन लावूनही ज्या कानाला काही ऐकू येत नाही, त्यात गमावण्यासारखं किती आहे, आणि दुसऱ्या कानाचं काय करावं, हे सर्जनला समोर बसून विचारा. ऑपरेशनचा खर्च हा प्रश्न असेल तर केंद्र सरकारची एडिप योजना आहे. तिच्यातल्या इम्प्लांटचं काम पाहणारी संस्था आपल्या मुंबईतच आहे, वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था. योजनेला वयाची अट आहे, म्हणून याच आठवड्यात चौकशी करा. ऑपरेशननंतर एक-दोन वर्षं ऐकायला आणि बोलायला शिकवण्याची मेहनत असते. ती चुकवली तर पैसेही गेले आणि वर्षंही.

आणि समजा, नीट विचार करून तुम्ही इम्प्लांट नाहीच करायचं ठरवलंत, तर त्याला भाषा द्या. भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे; तिच्यात वाढलेलं मूल शिकतं, भांडतं, विनोद करतं, नोकरी करतं. घरातल्या सगळ्यांनी ती शिकायची. यातलं काहीही निवडा, पण बोलणंही नाही आणि खुणाही नाहीत, अशा रिकाम्या अवस्थेत त्याला कुठल्याशा शोधाची वाट बघत बसवू नका. तुमच्यावर एवढ्या तिखटपणे मी दुसऱ्या कशावरही बोलणार नाही.

स्टेम सेलच्या इंजेक्शनांना तीन लाख काय, तीन रुपयेही देऊ नका. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: रक्ताच्या आजारांसारख्या मान्य उपयोगांसाठी होणारं बोनमॅरो प्रत्यारोपण सोडलं तर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर स्टेम सेल देणं चुकीचं आहे, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. ज्यानं पैसे मागितले त्याच्याकडे संशोधन नाही, एवढं ओळखा.

आता तुमची मुलगी.

‘मी ठरवलं आहे’ असं तुम्ही लिहिलंत. भावाला बरं करण्याची जबाबदारी सतरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ठेवलीत, आणि बायोलॉजीत ५८ पडले म्हणून तिला समजावायला मला सांगताय. मला ते ५८ मार्क आळसाचे वाटत नाहीत. पेशीचं प्रकरण उघडलं की तिला समोर भाऊ दिसत असणार. नापास झाले तर तो बहिरा राहील, अशा धास्तीनं कुणी अभ्यास करू शकतं का? उद्या ती खरंच या विषयात गेली आणि तिचा प्रयोग फसला, आणि प्रयोग फसतातच, तर ती घरी येऊन आईला काय सांगेल? संशोधन करणाऱ्याला चुकायची मोकळीक लागते. तुम्ही तिची ती मोकळीक आधीच काढून घेतली आहे.

या क्षेत्रात आपल्याकडे काम होतं. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत राज लाधर यांची प्रयोगशाळा आतल्या कानाच्या जडणघडणीवर काम करते. जिला मनापासून ओढ आहे तिनं आयसरची प्रवेश परीक्षा द्यावी, किंवा चांगल्या कॉलेजात बी.एस्सी. करावं. डॉक्टर व्हायचं असेल तर नीट, श्रवणतज्ज्ञ व्हायचं असेल तर बी.ए.एस.एल.पी. रस्ते कुणालाही सांगता येतात. पण तुमच्या पत्रात तिला यातलं काही हवंय असं दाखवणारी एक ओळही नाही.

दुसरं काहीतरी मात्र आहे. पत्राचे पाच फोटो तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेत. चौथा चुकून कागदाच्या मागच्या बाजूचा आलाय. तो कागद तिच्या जर्नलमधून फाडलेला असावा, कारण मागे पेन्सिलीनं तुमच्या गावाचा नकाशा काढलेला आहे. ओढा, त्यावरचे दोन बंधारे, आणि अकरा विहिरी. प्रत्येक विहिरीपुढे बारीक अक्षरात महिना लिहिलाय: ‘फेब्रु.’, ‘एप्रिल’, ‘आटत नाही’. ओढ्याच्या एका काठच्या विहिरी आधी आटतात आणि दुसऱ्या काठच्या टिकतात, हे तिनं रेघ मारून वेगळं केलंय. मी तो फोटो मोठा करून कितीतरी वेळ बघत बसले. हे तिला कुणी शिकवलं? ही माहिती तिनं घरोघरी जाऊन विचारल्याशिवाय मिळणारी नाही. तुम्ही ज्याला ‘नकाशे काढत बसते’ म्हणता, त्याला भूशास्त्रात निरीक्षण म्हणतात.

बी.एस्सी. भूशास्त्र पुण्यात फर्ग्युसनला आहे. पुढे भूजल, जीआयएस म्हणजे संगणकावरचे नकाशे, पाणलोटाचं काम. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा विहिरींच्या पाण्याच्या पातळीचीच नोंद ठेवते. बारावीला बायोलॉजी राहू द्या, पण गणित सोडलं असेल तर त्याचा विचार आत्ताच करा, पुढे लागेल. तिनं हेच करावं असा माझाही आग्रह नाही. उद्या तीच म्हणाली की मला श्रवणतज्ज्ञ व्हायचंय, तर आनंदानं होऊ द्या. फक्त तो निर्णय भावाच्या कानातून नको, तिच्या तोंडून येऊ दे.

भावाच्या तपासण्यांना तिला सोबत नेऊ नका. बारावीचं वर्ष आहे. तुम्ही दोघं जा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात, शाळेमागच्या विहिरीपुढे, महिन्याऐवजी तिनं प्रश्नचिन्ह काढलंय. त्या विहिरीचं काय झालं, तेही लिहायला सांगा.