पहिल्यांदाच ग्रीसच्या किनाऱ्यावर मुलांना नेताना

ताई, पहिल्या खेपेला एकच बेट धरा: नाक्सोस. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदराहून साध्या बोटीने पाच-साडेपाच तास. मुक्काम खोरा या मुख्य गावात. तिथून आयिओस येओर्यिओस किनारा चालत गाठता येतो. मऊ वाळू, बरंच आतपर्यंत उथळ पाणी. तुमच्या लहानग्यांना याहून सोयीचं मला तरी माहीत नाही.

नवखे इथे चुकतात:

- जुलै-ऑगस्ट निवडतात. तेव्हा मेल्तेमी हा उत्तरेचा वारा सुटतो. वाळू अंगाला टोचते, कधी बोटीही रद्द होतात. सप्टेंबर उत्तम. शाळेमुळे जमत नसेल तर जूनची सुरुवात, पाणी जरा गार लागेल.
- बोटीच्या दिवशीच परतीचं विमान धरतात. अथेन्सला एक रात्र ठेवाच.

आणि फुगवलेल्या गादीवर पोरांना एकटं सोडू नका. वारा बघता बघता आत नेतो.