बालवाडीत मुलीला डाळ निवडायला आणि चपला रांगेत लावायला लावतात, याला शिक्षण म्हणायचं का?

चपला हा शब्द वाचला म्हणून लिहायला बसले. एरवी मी इथे नुसती वाचत असते.

तुम्ही लिहिलंय की मुलगी चार वर्षांची आहे, जूनपासून दिवाळीपर्यंत वही कोरी आहे आणि रोज मणी ओवणं, डाळी वेगळ्या करणं, या पेल्यातलं पाणी त्या पेल्यात ओतणं, शिवाय वर्गाबाहेरच्या चपला लावणं. यासाठी फी भरतो का, शाळा बदलू का, असं विचारताय.

आधीच सांगते, मी शिकवणारी बाई नाही. सोलापूरच्या पूर्व भागात एका बालवाडीत २१ वर्षं मावशी होते. झाडणं-पुसणं, शू-शी, नाकं पुसणं, डब्यांची झाकणं उघडून देणं. बारावी पास आहे. डी.एड.ला नंबर लागला नाही, मग लग्न झालं आणि सोलापूरला आले. शिक्षण मुद्दाम सांगतेय, पुढे त्याचं काम आहे.

वही कोरी आहे ना, बरं आहे. पेन्सिल धरायची ती अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांनी. त्या बोटांत जोर येतो मणी ओवून, डाळीतला खडा उचलून, कणीक मळून. त्याआधी पेन्सिल दिली की पोर ती मुठीत धरतं, कागद फाडतं आणि मग शाळा म्हटलं की पोटात दुखायला लागतं. पाणी ओतण्याचं तर मला विचाराच, कारण सांडलेलं सगळं मीच पुसलंय. जूनमध्ये पेलाभर ओतलं की अर्धं फरशीवर. दिवाळीनंतर माझं फडकं कोरडं राहायला लागायचं. कुठे थांबायचं ते मनगटाला कळलेलं असायचं. प्रगतिपुस्तकात याचा रकाना नव्हता.

आता चपलांचं.

एक मुलगा होता. घरी तेलुगू. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर, आई विड्या वळायची, सोडायला अव्वा, म्हणजे आजी, यायची. जूनपासून तो वर्गात जाईना. उंबऱ्यावर माझ्याजवळ बसायचा. बाई विचारायच्या, हा रंग कोणता? तो बाईंच्या तोंडाकडे बघत राहायचा. बाईंनी नोंदवहीत लिहिलं, 'प्रतिसाद नाही'. मराठी कळत नाही असं नाही लिहिलं. प्रतिसाद नाही.

मी भिरकावलेल्या चपला जोडीनं लावत असायची, तो बघायचा. मग एक दिवस आपणहून लावायला लागला. मी काही बोलले नाही, बोललं की पोरं थांबतात. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची जत्रा, झाली आणि अर्धा वर्ग गड्ड्यावरच्या चपला घालून आला. सगळ्यांच्या सारख्याच, निळ्या, टाचेत लाल दिवा लागणाऱ्या. मलाच ओळखू येईनात. हा काय करायचा, दोन चपला घ्यायचा आणि तळव्याला तळवा लावायचा. एकीची कड बाहेर आली की ती खाली ठेवून दुसरी उचलायचा. परत तळव्याला तळवा. घाई नाही. जोड्या झाल्या की लहान इकडे, मोठ्या तिकडे. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

एका शनिवारी त्यानं माझा पदर ओढला आणि म्हणाला, "ओकटी लेदु." एक नाहीये.

सात महिन्यांतला शाळेतला त्याचा पहिला शब्द.

त्या दिवशी ३४ मुलं होती, म्हणजे ६८ चपला. मी मोजल्या, ६७ भरल्या. ६७ पर्यंत आकडे येणारं पोर नव्हतं ते. जोड्या लावून झाल्यावर एक एकटी उरली, एवढंच त्यानं पाहिलं. बाईंच्या प्रशिक्षणात याला एकास एक संगती म्हणायचे. मी तिथे चहा द्यायला होते, पण कान उघडे होते. आकडा नंतर येतो, आधी हे यावं लागतं. (चप्पल कुत्र्यानं पाण्याच्या टाकीमागे नेली होती. पट्टा गेला कामातून.)

मग मी रोज दोन-दोन मुलांना पाळीनं चपला लावायला घेऊ लागले. ओकटी, रेंडू, मूडू आणि लगेच एक, दोन, तीन. कानडी घरातली एक मुलगी होती, तिनं ओंदु, एरडु शिकवलं. पंधरा दिवसांत उंबऱ्यावर गर्दी व्हायला लागली. तो मुलगा सगळ्यांचा मुकादम.

सोळाव्या दिवशी एक वडील लवकर आले. "काय वो, आमच्या पोरीला लोकांच्या चपला उचलायला लावता?" झालं. संस्थेकडून मला लेखी नोटीस. विद्यार्थ्यांकडून सेवकांची कामं करून घेऊ नयेत, आणि सेवकांनी अध्यापनात ढवळाढवळ करू नये. पहिल्या वाक्याचं मला काही वाटलं नाही, दुसरं लागलं. बाईंनी तो मुलगा डोळ्यांनी पाहिला होता. त्या एक शब्द बोलल्या असत्या तर विषय मिटला असता. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मावशी, शिकवायचं काम आमचं, झाडायचं तुमचं."

हे त्या म्हणाल्या ताराबाई मोडकांच्या फोटोखाली उभ्या राहून. तो फोटो दर शनिवारी मी पुसायची, खाली १८९२–१९७३ लिहिलेलं. बाई दरवर्षी त्यांच्यावर भाषण करायच्या, मला ते पाठ आहे. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं, बरोबर अनुताई वाघ. आदिवासी पोरांसाठी महागडी साधनं न आणता बिया, शिंपले, खडे असं जवळपास मिळेल ते वापरलं. त्याआधी इटलीच्या माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोमच्या कामगार वस्तीत बालघर काढलं, आणि तिथे झाडणं, बटणं लावणं, पाणी ओतणं हेच धडे. कामगार वस्ती! आमच्या भिंतीपलीकडे दिवसभर माग खडखडतोय, आणि बाई भाषणात रोमला जाऊन येतात. पोरानं झाडू धरला तर तो धडा आणि मी धरला तर झाडलोट, असं कसं?

नोटिशीनंतर चपलांसाठी लोखंडी मांडणी आली आणि वह्या आल्या. तो मुलगा परत गप्प. पुढच्या जूनमध्ये ती मंडळी विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीकडे राहायला गेली.

तुमचा प्रश्न राहिलाच. शाळा बदलायची का ते मी इथून कसं सांगू? फी किती, घर किती लांब, तुम्ही काहीच लिहिलं नाही. पण एकदा सकाळी अर्धा तास दाराबाहेर उभ्या राहा, सुटायच्या वेळी जाऊन उपयोग नाही. डाळ निवडताना कोणी तिच्याशी बोलतंय का? तूर कुठली, मूग कुठला, जास्त कुठला? गोष्ट रोज सांगतात का, गाणी म्हणतात का? नुसतीच परात पुढे सारून बाई मोबाईल बघत असतील तर तुमचं म्हणणं खरं. लिहिण्याची घाई मात्र नको. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वर्षं हा एकच टप्पा धरलाय, म्हणजे दुसरी संपेपर्यंत वेळ आहे.

आणि एक, हे आधी लिहायला हवं होतं. त्या वडिलांचं अगदीच चुकलं नव्हतं. आपल्याकडे चप्पल म्हणजे नुसती चप्पल नसते, कोणी कोणाची उचलायची हे पिढ्यान्‌पिढ्या ठरवून दिलेलं होतं. म्हणून पाळी सगळ्यांची हवी, संचालकांच्या नातवाचीसुद्धा, आणि रांगेत बाईंचीही चप्पल हवी. ठरावीक दोन-तीन घरांतलीच पोरं रोज उंबऱ्यावर दिसली तर त्याच दिवशी मुलीला काढा. नंतर साबणानं हात धुतात का तेही बघा. डाळी-मण्यांजवळ मोठं माणूस बसलेलं पाहिजे. आमच्याकडे एकाच्या नाकात हरभरा गेला होता, तो आत फुगला, दवाखान्यात नेऊन काढावा लागला. तेव्हा बाई माझ्यावर ओरडल्या, ते बरोबर होतं. मी पाणी भरायला उठले होते.

पण त्या नोटिशीचं बरोबर नव्हतं. ती अजून माझ्या कपाटात आहे. 'विद्यार्थी' हा शब्द त्यात तीनदा आलाय, आणि तीनही वेळा 'विध्यार्थी' असा लिहिलाय.