मालकाकडची दुसरी किल्ली

प्रश्न : ताई, मी मूळची लातूरची. हिंजवडीत नोकरीला आहे आणि मैत्रिणीबरोबर वाकडला वन बीएचके भाड्याने घेतलाय. भाडं 18,000, डिपॉझिट 60,000. मालक वरच्याच मजल्यावर राहतात, वयाने मोठे आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. आम्ही ऑफिसला गेलो की ते त्यांच्याकडच्या किल्लीने घर उघडतात. बाथरूममधला गॅस गिझर सारखा विझतो, तो बघायला आलो होतो, असं एकदा म्हणाले. नंतर तर काही सांगितलंच नाही. बेडरूममधलं कपाट उघडं दिसलं म्हणून आम्हाला कळलं. विचारलं तर म्हणाले, "घर माझंच आहे की." करार स्टॅम्पपेपरवर, नोटरी केलेला आहे. जास्त बोललो तर घर खाली करायला लावतील, डिपॉझिटही अडकेल, अशी भीती वाटते.
— एक वाचक, वाकड

उत्तर : आधी गिझरचं बोलते, कारण ते आजच करायचं आहे. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये असूच नये. हवा कमी पडली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. डोकं जड होतं, पाय लटपटतात आणि आतून कडी लावलेली असेल तर कुणाला कळतही नाही. शॉवरखाली असताना तो गिझर चालू ठेवू नका. खिडकी-दार सताड उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, थोडा वेळ जाऊ द्या, मग आंघोळीला जा. मैत्रिणीलाही हे आजच सांग. आणि काकांना सांग, की गिझर बाहेर ड्राय बाल्कनीत हलवा, नाहीतर विजेचा बसवून द्या. यात भिडस्तपणा नको.

आता किल्ली. भाडेकरार नोंदवायला बोटांचे ठसे घेण्याचं यंत्र पिशवीत घालून मी घरोघरी जाते. सही करताना मुली भाडं आणि डिपॉझिटचा आकडा पुन्हा पुन्हा वाचतात; दुसरी किल्ली कुणाकडे राहणार, हे फार कमी जणी विचारतात. घर काकांचं आहे, हे खरंच. पण करार चालू असेपर्यंत त्यात राहण्याचा हक्क तुमचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 28 नुसार मालकाला घर पाहता येतं, पण आधी कळवून आणि योग्य वेळी. तुम्ही नसताना कपाट उघडणं यात कुठेच बसत नाही.

तोंडी बोलणं झालं की व्हॉट्सअॅपवर लिहून ठेव. भाषा मऊ, मुद्दा पक्का: "काका, घरात काही काम असेल तर आदल्या दिवशी कळवा, आमच्यापैकी एक जण थांबेल. आम्ही नसताना कृपया घर उघडू नका." मग लॅचचा सिलिंडर, म्हणजे कुलपातला किल्ली फिरते तो भाग, आमच्या खर्चाने बदलतो, असं विचार आणि होकारही लेखी घे. परस्पर बदलू नकोस, उगाच वाद वाढतो. पाइप फुटला किंवा आग लागली तर काय, असं ते विचारतील आणि ते रास्तच आहे. त्यासाठी मी एक तोड सुचवते: नवी किल्ली जाड पाकिटात घालायची, पाकीट चिकटवून जोडावर तुम्ही दोघींनी आणि काकांनी आडव्या सह्या करायच्या, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावायची आणि पाकीट काकांकडे द्यायचं. दर महिन्याला भाडं देताना ते बघायला मागायचं. दाराला आतून अडसर नसेल तर तोही बसवून घ्या. तुम्ही घरात असताना बाहेरची किल्ली कामाची राहत नाही.

घर खाली करायला लावतील, ही भीती मला समजते. पण त्याच कायद्याचं कलम 55 वाचून ठेव. करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अटींवरून वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. हे कलम काकांवर उगारू नकोस. "दोघांच्याही सोयीचं आहे, नोंदवून घेऊ" एवढंच म्हण. तुमच्या भाड्याला मुद्रांक शुल्क पाचशेच्या आसपास येईल आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. एजंटचे पैसे वेगळे. त्या करारात दोन ओळी घालून घे: पूर्वसूचनेशिवाय प्रवेश नाही आणि डिपॉझिट चावी परत करताना त्याच दिवशी. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवणं हेही मालकाचं काम. ते झालं का, विचार.

एवढं करूनही ते आत आले तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दे आणि पोच घे. तुम्ही घरात असताना कुणी दार उघडायला लागलं तर सरळ 112 फिरव. अशा वेळी "काका आहेत" म्हणून थांबायचं नाही.

प्रश्न : मीरा रोडला एजंट सात लाख हेवी डिपॉझिटवर फ्लॅट देतो म्हणतोय, महिन्याचं भाडं नाही. मालक परदेशात असतात, करार एजंटच्याच नावाने होईल. घ्यावा का?
— एक वाचक, दहिसर

उत्तर : नाही. यातली नेहमीची फसवणूक अशी असते: एजंट स्वतः तो फ्लॅट महिन्याच्या भाड्याने घेतो, तुमचे लाखो रुपये घेतो, काही महिने मालकाला भाडं पोचवतो आणि मग गायब होतो. मूळ मालक दारात येतो तेव्हा तुमच्या हातातल्या कागदाची त्याला कल्पनाही नसते. मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोला, घराचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा), मालमत्ता कराची पावती आणि सोसायटीच्या मेंटेनन्स बिलावरचं नाव ताडून पाहा, सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा. करार मालकाशी, पैसे मालकाच्याच बँक खात्यात. मालक परदेशात असतील तर ज्याच्या नावाने कुलमुखत्यारपत्र आहे तो माणूस आणि ते मूळ पत्र समोर हवं. एजंट याला "वेळ लागेल, तोवर टोकन द्या" म्हणाला, तर एक रुपयाही देऊ नका.