नसलेला पाय दुखतो तेव्हा

"पायच राहिला नाही, मग अंगठा कसा दुखतो? माझ्या डोक्यावर परिणाम झालाय का?" गुडघ्याखालून पाय काढावा लागलेल्या एका काकांचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) नसलेल्या पायाची बोटं आत वळून आवळली जातात, रात्री कळा येतात, हे त्यांनी काकूंनाही सांगितलं नव्हतं. घरच्यांना दिसत होती ती फक्त चिडचिड.

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न मला अनेक जण विचारतात, बहुतेक वेळा दबक्या आवाजात. वेडाशी याचा काहीही संबंध नाही. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा शाबूत असते, आणि कापलेल्या नसाही संदेश धाडत राहतात. वेदना खरीच असते.

दुखतं नेमकं कुठे, हे मी आधी विचारते. उरलेला भाग लाल, गरम, सुजलेला असेल, त्यातून पाणी येत असेल किंवा कृत्रिम पाय टोचत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवायचं; समुपदेशन नंतरही होऊ शकतं.

काकांचं तसं नव्हतं. त्यांना अमिट्रिप्टिलिन दिलं होतं, पण ही नैराश्यावरची गोळी आहे असं वाचून त्यांनी ती परस्पर बंद केली. डॉक्टरांनाही आपण वेडे वाटतो, अशी त्यांची समजूत झाली! खरं तर हेच औषध कमी मात्रेत नसांच्या दुखण्यावरही देतात. कुणीतरी हे दोन वाक्यांत सांगायला हवं होतं. ते पुन्हा डॉक्टरांकडे गेले आणि गोळी सुरू झाली.

सोबत फिजिओथेरपिस्टनी आरशाचा व्यायाम शिकवला. दोन पायांच्या मधे आरसा उभा धरून चांगला पाय सावकाश हलवायचा आणि प्रतिबिंबाकडे बघत आवळलेली बोटं मोकळी करायची. मेंदूशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात ही पद्धत पुढे आणली. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत पाय गमावलेल्यांनी रोज 15 मिनिटं, चार आठवडे हा व्यायाम केला. झाकलेल्या आरशासमोर करणाऱ्यांपेक्षा त्यांचं दुखणं बरंच कमी झालं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हेही मी काकांना सांगितलं.

कळा अजून येतात, जागरण झालं की जास्तच. पण आता रात्री ते काकूंना उठवतात. पुढच्या भेटीला काकूही येणार आहेत. त्यांना स्वतःचे प्रश्न विचारायचेत.