तेरा वर्षांच्या मुलीच्या पाठीचा बाक मालिश आणि योगासनांनी जाईल का?

आपल्या मुलीच्या कण्याला एका बाजूला २८ अंशांचा बाक आहे, डॉक्टरांनी ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचा कडक पट्टा, सांगितला आहे आणि त्याऐवजी मालिश व योगासने चालतील का, असे आपण विचारले आहे. चालणार नाहीत.

माझ्या मुलीचा बाक ३१ अंशांचा निघाला, तेव्हा आम्ही परभणीत एकत्र कुटुंबात राहत होतो. गणवेशात तिचा एक खांदा वर दिसे आणि ती कमरेत वाकली की उजव्या बाजूच्या फासळ्या उचलून येत. थोरल्या भाऊजींनी परस्पर निदान केले की, दप्तराच्या ओझ्याने मणका सरकला आहे आणि हाड बसवणारा तो जागेवर आणील. ब्रेसला मात्र त्यांचा ठाम विरोध, कारण पट्टा बांधलेल्या पोरीशी उद्या सोयरीक कोण करील? वास्तविक दप्तराने असा बाक येत नाही, बहुतेक मुलांत त्याचे कारणच सापडत नाही, आणि मणके बाजूला झुकतात तसेच स्वतःभोवती पिळलेलेही असतात, त्यामुळे वरून दाबून ते सरळ होत नाहीत. मी कोणाचे न ऐकता छत्रपती संभाजीनगरहून ब्रेस करून आणला. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो अंगावर ठेवणे ही शिक्षाच असते. आत सुती बनियन शिवण बाहेर येईल असा उलटा घालावा, घामाने भिजला की बदलावा आणि काखेखालची कातडी रोज पाहावी.

ब्रेस बाक घालवत नाही, वाढू देत नाही, आणि तेही हाडांची वाढ चालू आहे तोवरच. अमेरिका व कॅनडातील मुलांवरच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रेसवाल्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पुरी होईतो ५० अंशांखाली राहिला. नुसत्या देखरेखीखालच्या मुलांत हे प्रमाण ४८ टक्के होते, तर दिवसाला तेरा तासांहून अधिक काळ ब्रेस घालणाऱ्यांत ९० टक्क्यांवर गेले. मासिक पाळी सुरू झाली असल्यास हाडांची वाढ संपत आलेली असते, म्हणून मालिशीत घालवायला महिने उरलेले नाहीत.

व्यायामाला माझी ना नाही, पण तो ब्रेसच्या जोडीने. जन्मतःच मणक्याची घडण सदोष असेल, तर उपचार वेगळे असतात. रात्री झोपमोड करणारी वेदना किंवा पायांत अशक्तपणा असेल, तर डॉक्टरांना दाखवायला थांबू नये. पुढचा एक्स-रे मात्र मुलीला उभे करूनच काढून घ्या. आडवे झोपवून काढला की बाक कमी दिसतो आणि घरातल्यांना मालिशचा गुण आला म्हणायला निमित्त मिळते.